जुनी .३१५ रायफल रेंजवर नेताना: ग्रीस काढण्यापासून नळी धुण्यापर्यंत

जुनी रायफल घेतलेला माणूस मला रेंजवर जाण्याआधी कधीच फोन करत नाही, परतल्यावर करतो. बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) उघडेना, पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) आतच राहिली, पाचपैकी एकही गोळी कागदावर नाही, किंवा पंधरा दिवसांनी नळीत बघतो तर तांबूस थर. रेंजचा यात बहुतेक वेळा काही दोष नसतो. आदल्या आठवड्यात घरी जे काम राहून गेलं त्याचं हे व्याज असतं. कोकणात तर ते चक्रवाढीने भरावं लागतं, कारण आपली हवाच लोखंडाला खाणारी.

खालचा क्रम पाळा. एक गोष्ट आधीच सांगतो: पहिल्या दिवशी नेम मारायला जायचं नाही, रायफल कशी आहे ते बघायला जायचं. पाच राउंड पुरतात.

## १. हातात नक्की काय आहे ते ठरवा

"फौजेची जुनी रायफल आहे" असं सांगून जे विकलं जातं ते दोनपैकी एक असतं. पहिली खरी थ्री-नॉट-थ्री, म्हणजे .३०३ ची ली-एनफिल्ड. दहा राउंडच्या मॅगझिनची ही रायफल अनेकांनी एनसीसीत खांद्यावर घेतली आहे. आपल्याकडे .३०३ निषिद्ध बोअरमध्ये येते, साध्या परवान्यावर ती ठेवता येत नाही. दुसरी इशापूरच्या कारखान्यातली .३१५ स्पोर्टिंग रायफल. यंत्रणा त्याच ली-एनफिल्डची, पण नळी ८ मिमीच्या काडतुसाची आणि मॅगझिन पाचाचं. परवानाधारकाच्या घरात सापडते ती बहुधा हीच, आणि हा लेख तिच्याबद्दलच आहे.

दोन्ही भावंडं लांबून सारखी दिसतात, म्हणून नळीवरचा आणि बॉडीवरचा (बोल्ट ज्यात सरकतो तो लोखंडी भाग) ठसा स्वतः वाचा. गंजाखाली अक्षर लागत नसेल तर घासलेटची चिंदी फिरवा, सॅंडपेपर लावू नका. ठसा .३०३ चा आणि परवान्यावर .३१५ असेल तर रायफल घरी आणूच नका. विक्रेत्याशी आणि परवाना शाखेशी आधी बोला.

सावध: .३०३ ची गोळी साधारण ७.७ मिमी, .३१५ ची ८ मिमी. एकाचं काडतूस दुसरीत "बसतंय का बघू" हा प्रयोग कोणीही करायचा नाही.

आता क्रमांक. बॉडीवरचा, बोल्टच्या दांडीवरचा आणि परवान्यावरचा क्रमांक शेजारी शेजारी लिहून काढा. परवान्याशी जुळला नाही तर तो कायद्याचा प्रश्न. बोल्ट बॉडीशी जुळला नाही तर तो तुमच्या डोळ्यांचा प्रश्न, आणि याच ठिकाणी लोक सर्वांत जास्त निष्काळजी असतात. ली-एनफिल्डच्या बोल्टचं डोकं वेगळं, स्क्रूसारखं आट्यांनी बसणारं असतं. कारखान्यात ते त्या त्या रायफलला मापून बसवलेलं असतं. दुसऱ्या रायफलचा बोल्ट यात सहज सरकतो, बंदही होतो, पण बंद बोल्टचं तोंड आणि काडतुसाचं बूड यांच्यात किती सूट उरली ते डोळ्याला दिसत नाही. या सुटीला हेडस्पेस म्हणतात. ती जास्त असेल तर बार होताना पुंगळी ताणून बुडाशी तुटते आणि तापलेला वायू मागे, तुमच्या चेहऱ्याकडे येतो.

बोल्ट जुळत असो वा नसो, पहिल्या फेरीआधी परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडून मापाचं गेज लावून हेडस्पेस तपासून घ्या. बुडाला चिकटपट्टी लावून सूट मोजायचे उपाय ऐकायला मिळतात. ते सांगणाऱ्याकडे गेज नाही, एवढंच त्यातून कळतं.

## २. कागद

इथे फार रेंगाळत नाही, पण तीन गोष्टी राहून जातात.

- नवीन शस्त्राची नोंद परवान्यावर झाली आहे का? नुसती विक्रेत्याची पावती पुरत नाही. दिलेल्या मुदतीत शस्त्र दाखवून नोंद करून घ्यावी लागते.
- परवाना कोणत्या हद्दीसाठी आहे? जिल्हा, राज्य की देश? सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेतीसंरक्षणाचे परवाने घरोघरी आहेत, पण त्यांत क्षेत्र नेमून दिलेलं असतं. वानर-डुकरांसाठी मिळालेल्या परवान्यावर दुसऱ्या जिल्ह्यातल्या रेंजवर जाता येईल असं गृहीत धरू नका. परवाना शाखेत लेखी विचारा.
- २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं. आजोबांची ठासणीची आणि वडिलांची बारा बोअर आधीच तुमच्या नावावर असेल तर ही रायफल तिसरी होते.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र ठाण्यात जमा करायचा आदेश येऊ शकतो. ते परत येतं तेव्हा जसं दिलं तसंच असेल असं मानू नका. पुढची तिसरी आणि चौथी पायरी पुन्हा पहिल्यापासून करा.

## ३. ग्रीस उतरवा

आधी रायफल रिकामी आहे याची खात्री. मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) नुसतं डोकावू नका, करंगळी घालून बघा. हे दरवेळी करायचं. पाच मिनिटं चहाला जाऊन आलात तरी.

बरीच वर्षं पडून राहिलेल्या रायफलला जाड ग्रीस थापलेलं असतं आणि ते वाळून मेणासारखं घट्ट झालेलं असतं. वरून पुसलं की रायफल स्वच्छ दिसते, फसतो तो इथेच. ग्रीस खरं दडलेलं असतं चेंबरमध्ये, बोल्टच्या आत स्प्रिंगभोवती आणि पुंगळी ओढणाऱ्या नखाखाली. बोल्टमधल्या घट्ट ग्रीसमुळे पिन हळू सरकते आणि टोपीवर (काडतुसाच्या बुडातला, ठोका बसताच पेटणारा भाग) नुसताच ओरखडा उठतो. चेंबरमधलं ग्रीस त्याहून वाईट. बार होताना पुंगळी फुगून चेंबरला चिकटायला हवी आणि काही धक्का भिंतींवर झेलायला हवा. मध्ये तेल-ग्रीस असेल तर ती घसरते आणि सगळा मार बोल्टवर येतो.

घासलेट आणि चिंध्या पुरेशा आहेत. चुलीपासून लांब, अंगणात बसा. चेंबरसाठी काडीला चिंदी गुंडाळा आणि ती कोरडी, पांढरी बाहेर येईपर्यंत बदलत राहा. बोल्ट पूर्ण खोलायचं हत्यार नसेल तर पक्कड लावू नका, तो दुरुस्तीवाल्याकडे द्या. हेडस्पेससाठी जाणारच आहात.

तेलाबद्दल एक. घरात खोबरेल आहे म्हणून ते बोल्टला लावू नका. ते खवट होतं, दाटतं आणि थंडीत गोठतं. दस्त्याच्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल चोपडलेलं मी पाहिलं आहे, होडीला लावतात म्हणून! होडीला गाल टेकवून कोणी नेम धरत नाही. कातडी भाजते त्या तेलाने. लाकडाला जवसाचं तेल, पातळ हात, दोन दिवसांच्या अंतराने. यंत्रणेला बंदुकीचं नाहीतर शिलाई मशीनचं तेल, थेंबभर.

## ४. नळी, लाकूड, चाप

नळी बघायची ती बोल्ट काढून, बोल्ट दुसऱ्याच्या हातात देऊन. चेंबरच्या मागे पांढरा कागद धरा आणि तोंडाकडून पाहा. नळीतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) धारदार हवेत. फिकट करडेपणा चालतो, बारीक खड्डे असले तरी रायफल मारते, फक्त साफ करायला जास्त वेळ घेते. मध्ये कुठे काळसर कडं दिसलं तर थांबा. नळी कधीतरी तिथे फुगली असावी.

आणि कुंभारीण विसरू नका. लांज्याकडच्या एका ओळखीच्यांची रायफल माळ्यावर तोंड उघडं ठेवून उभी होती. मी पुलथ्रूची (नळीतून चिंदी ओढायची) दोरी सोडली तर ती अर्ध्यातच अडली. सळईने हळू ढकललं तेव्हा लाल मातीचा गोळा बाहेर आला आणि त्यात सुन्न केलेले कोळी, पिल्लांसाठी साठवलेले. कुंभारमाशीने नळीत घर बांधलं होतं. तो मनुष्य त्याच रविवारी बार काढणार होता. मातीच्या एवढ्याशा बुचाने नळी फाटते. म्हणून घरी एकदा आणि रेंजवर पहिला राउंड भरण्याआधी पुन्हा एकदा नळीतून सळई आरपार घालायची. याला अपवाद नाही.

लाकडाला दस्त्याच्या मानेपाशी केसासारखी चीर आहे का पाहा. नखाने ठोकून ऐका. वाळवीने आतून पोखरलेलं लाकूड भदभद वाजतं. नळीखालचे स्क्रू घट्ट हवेत, पण अंगातला सगळा जोर लावून नाही.

चाप तपासायला रिकामी रायफल कॉक करा (बोल्ट मागेपुढे करून पिन ताणा) आणि दस्त्याच्या बुडावर तळहाताने दोन-तीन ठोसे द्या. पिन आपोआप सुटली तर ही रायफल रेंजवर जाणार नाही. मग सेफ्टी लावून चाप दाबा, काही होता कामा नये. सेफ्टी काढा, पण चापाला हात लावू नका. आताही काही होता कामा नये. हा चाप दोन टप्प्यांचा असतो. आधी सैल सरकतो, मग अडतो, मग सुटतो. पहिला टप्पा गायब असेल तर कोणीतरी आत कानस चालवली आहे.

इथपर्यंत तपासा: क्रमांक जुळले, गेज लागलं, चेंबर कोरडं, नळी आरपार, चाप ठोशाला सुटत नाही. पाचपैकी एक जरी अडलं तरी पुढे वाचा, पण रेंजची तारीख घेऊ नका.

## ५. काडतुसं

परवानाधारक दुकानातून, पावतीसह, परवान्यावर नोंद करून. बुडावर ८ एमएम आणि केएफ असा ठसा असलेली खडकी कारखान्याची काडतुसं आपल्याकडे सर्रास मिळतात. सगळी एकाच पेटीतली घ्या, म्हणजे पुढे नेम लावताना गोंधळ होत नाही.

रायफलबरोबर डब्यात "चांगली ठेवलेली" जुनी काडतुसं मिळाली असतील तर पहिल्या दिवशी ती घरीच राहू द्या. पितळेवर हिरवट कळंक, टोपीभोवती काळा डाग, हाताने फिरणारी गोळी यांपैकी काहीही दिसलं तर ती कधीच वापरायची नाहीत. फोडून दारू काढायची नाही, विहिरीतही टाकायची नाहीत. परवाना शाखेत किंवा ठाण्यात विचारून जमा करा. ती तुमच्या परवान्यावर चढलेली आहेत का, हा प्रश्न आधी सोडवा.

## ६. रेंज आणि प्रवास

इथली नेहमीची चूक: गाडी काढून लोक जवळच्या शूटिंग क्लबवर जातात आणि तिथे दहा मीटरची एअर रायफलची खोली असते. पन्नास मीटरची .२२ ची रेंजसुद्धा .३१५ साठी असेलच असं नाही. या गोळीला मागे मातीचा भक्कम बट (गोळी अडवणारा बांध) लागतो. फोनवर तीन प्रश्न विचारा: मोठ्या बोअरला परवानगी आहे का, अंतर किती, पाहुण्या परवानाधारकाला कोणाची सही लागते. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, तिथेही विचारल्याशिवाय रायफल घेऊन दारात उभे राहू नका. जिल्ह्याच्या ठिकाणी पोलिसांचं गोळीबार मैदान असतं. त्यासाठी पोलीस अधीक्षक कार्यालयात लेखी अर्ज, आणि उत्तरही लेखीच घ्या. "साहेब ओळखीचे आहेत" हे कागदावर दिसत नाही.

"मग सड्यावर जाऊन दोन बार काढतो, तिथे कोण आहे?" हे मला दरवर्षी कोणीतरी विचारतं. जांभ्याच्या कातळावर आपटलेली गोळी कुठे उडेल ते सांगता येत नाही. न आपटलेली दोन-अडीच किलोमीटर सहज जाते, आणि तेवढ्यात पलीकडची वाडी येते. इतरांचा जीव धोक्यात येईल असा निष्काळजी गोळीबार हा शस्त्र कायद्याने तुरुंगवासाचा गुन्हा आहे. परवाना जाईल ते वेगळंच.

प्रवासात रायफल रिकामी, बोल्ट काढून वेगळ्या पिशवीत, काडतुसं तिसऱ्याच ठिकाणी, सगळं कुलपात. मूळ परवाना खिशात. घाटात मिसळ खायला थांबलात तर एक जण गाडीत बसेल. एसटीने नेऊ नका. रॅकवर ठेवलेल्या लांबट पिशवीकडे अख्खी गाडी बघते.

बरोबर न्यायचं सामान: कानाचे मफ, डोळ्यांना चष्मा, सळई, चिंध्या, वाळूच्या दोन पिशव्या, वही-पेन्सिल आणि बाटलीभर पाणी, पिण्याचं वेगळं.

## ७. पहिली पाच राउंड

रेंज अधिकाऱ्याला सरळ सांगा की रायफल नवी घेतलेली, जुनी आहे. लाजू नका, तो तुम्हाला कडेची जागा देईल.

टार्गेट पंचवीस मीटरवर लावा, मोठा कागद. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवा. पिशवी लाकडाखाली येईल अशी ठेवा, नळी टेकवू नका. सळई आरपार घाला. शेवटची कोरडी चिंदी ओढा, नळीत तेल राहता कामा नये. मफ आणि चष्मा चढवा.

आता मॅगझिन भरू नका. एकच काडतूस भरा आणि बोल्ट बंद करा. ली-एनफिल्ड बोल्ट पुढे ढकलताना कॉक होते, त्यामुळे शेवटच्या इंचाला स्प्रिंगचा जोर लागतो. दुसऱ्या रायफलींची सवय असलेला माणूस तिथे घाबरून थांबतो. तो जोर नेहमीचा. बोल्टची दांडी खाली बसतच नसेल तर मात्र हातोडीसारखा तळवा मारू नका. काडतूस काढा, चेंबर बघा.

दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट धरा. सैल धरलेला दस्ता गालावर छाप सोडतो. बार काढा आणि लगेच दुसरा भरू नका. पुंगळी हातात घेऊन वाचा:

- टोपी सपाट होऊन कडेला पसरली आहे, किंवा बुडाबाहेर आली आहे: थांबा.
- बुडापासून सेंटीमीटरभर वर चकचकीत कडं उमटलं आहे: थांबा. वाकवलेली बारीक तार आतून फिरवली तर तिथे खाच लागते. पुढच्या वेळी पुंगळी तिथेच तुटणार.
- अंगावर उभी चीर, किंवा डोळ्यांकडे गरम झुळूक आली: थांबा. घरी परत, दुरुस्तीवाल्याकडे.
- बोल्ट उघडायला जड गेला: चेंबर पुन्हा पुसा. दुसऱ्यांदाही जड गेला तर थांबा.

चार गोष्टी ठीक असतील तर दुसरा राउंड, पुन्हा तेच वाचन. पाचही असेच, एकेक करून.

सावध: चाप दाबला आणि बार झाला नाही तर नळी बटाकडेच धरून निदान तीस सेकंद मोजा. बार उशिरा होऊ शकतो. आवाज फुसका आला, धक्का कमी लागला, तर गोळी नळीतच असू शकते. बोल्ट उघडा, सळई घाला, आरपार गेल्याशिवाय पुढचं काडतूस नाही.

पाच नीट गेले तरच मॅगझिनमध्ये दोन भरून बघा. हे काडतूस बुडाला काठ असलेलं आहे. वरच्याचा काठ खालच्याच्या काठापुढे यायला हवा. मागे राहिला तर बोल्ट दोघांना एकदम ओढू बघतो आणि अडकतो. रेंजवर "बोल्ट जाम झाला" म्हणून जी ओढाताण दिसते त्यात रायफलचा दोष क्वचितच असतो, भरणाऱ्या बोटांचा असतो.

## ८. नेम कुठे लागतोय ते फक्त लिहा

पाच भोकं एका तळहाताएवढ्या जागेत आहेत, पण टार्गेटच्या काळ्या गोलाच्या डावीकडे? उत्तम. एकत्र पडतायत हीच बातमी. वहीत चित्र काढा, अंतर, काडतुसाची पेटी, कुठे टेकवली ते लिहा. माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) आज ठोकू नका. पुढच्या खेपेला, दहा राउंडनंतरही गठ्ठा तिथेच पडला तर दुरुस्तीवाल्याला सांगा: गोळी डावीकडे जाते तर पुढची माशीही डावीकडे सरकवायची, जिकडे गोळी तिकडे माशी. उलटं सांगणारे पुष्कळ भेटतात, कारण मागच्या साइटचं गणित उलटं असतं.

पुंगळ्या मोजून परत आणा. नवीन काडतुसं घेताना अनेक ठिकाणी त्यांचा हिशोब विचारतात.

## ९. त्याच संध्याकाळी धुणं

हीच पायरी दमल्यामुळे उद्यावर जाते, आणि कोकणात उद्या म्हणजे उशीर.

जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून नळीत जो क्षार राहतो तो मिठाचाच भाऊबंद, हवेतलं पाणी ओढून घेतो. ओरोस असो वा गुहागर, मिठाची बरणी पावसाळ्यात कशी पाझरते ते आपल्याला सांगायला नको. नळीच्या आत तेच होतं. तेलाने हा क्षार विरघळत नाही, तेलाखाली तो निवांत गंज पिकवतो. म्हणून "चांगलं तेल मारून ठेवली होती हो" म्हणणाऱ्याचीच नळी लाल निघते. आपलं काडतूस कसल्या टोपीचं आहे हे नक्की माहीत नसेल तर क्षार आहे असंच समजा. पाण्याला पैसे पडत नाहीत.

रेंजवरून निघण्याआधी ओली चिंदी दोनदा ओढा, मग एक कोरडी. बाटलीतलं पाणी त्यासाठी. घरी आल्यावर बोल्ट काढा, नळीचं तोंड खाली करा, चेंबरमध्ये नरसाळं लावून बंबातलं कडकडीत पाणी लिटर-दीड लिटर सोडा. लाकडाभोवती टॉवेल गुंडाळा, हात सांभाळा. पाणी कढत असेल तर नळी तापते आणि उरलेला ओलावा आपोआप सुकतो. त्यावर कोरड्या चिंध्या, आणि मगच तेलाची. बोल्टचं तोंडही ओल्या चिंदीने पुसून, सुकवून तेल. त्याच्यावरही तोच धूर बसलेला असतो.

सळई किंवा पुलथ्रू नेहमी चेंबरकडून तोंडाकडे. तोंडाकडून घातलेली सळई आट्यांचा शेवट घासते आणि नेम तिथेच बिघडतो.

## १०. दुसरा, तिसरा दिवस आणि पावसाळा

दुसऱ्या दिवशी कोरडी पांढरी चिंदी ओढा. तांबूस आली तर पाण्यापासून पुन्हा. तिसऱ्या दिवशी परत. सलग दोन दिवस पांढरी आली की तेलाचा हात देऊन ठेवा.

ठेवायची तर रेक्झिनच्या फोमवाल्या पिशवीत नाही. ती प्रवासापुरती. फोम ओलावा धरतो आणि रायफल आतल्या आत वाफाळते. कुलपाच्या कपाटात, भिंतीला न टेकवता, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत उभी करा. बोल्ट दुसऱ्या कुलपात. तोंडावर सुती कापड सैल बांधा, बूच नको. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी एक चिंदी. गणपतीला पाहुणे यायच्या आत एकदा नक्की, कारण त्यानंतर आठ-दहा दिवस तुम्ही त्या कपाटाकडे फिरकणार नाही. आणि पुन्हा रेंजवर नेण्याआधी ती तेलाची चिंदी कोरडी करायला विसरू नका.